काय धाड भरलीय?

धडधाकट माणूस कुरकुरायला लागला की मराठीत त्याला विचारतात, “तुला काय धाड भरलीय?” आमच्या धाड गावच्या माणसाला हा विनोद जन्मभर पुरतो. पुण्याला गावाचं नाव सांगितलं की समोरचा हसतो, मग आपणही हसतो. या मे महिन्यात तात्यांनी तेच वाक्य उच्चारलं, तेव्हा मात्र ओसरीवर कोणी हसलं नाही.

“पोरीले काय धाड भरली? एक फिट आली. डॉक्टरनं फोटो काढला, गोळ्या देल्ल्या. आता तू म्हणतो दुसऱ्याले दाखवा. काहून?”

तात्या माझे चुलते, वय अठ्ठ्याहत्तर. मी त्यांच्या थोरल्या भावाचा मुलगा. छत्रपती संभाजीनगरला (तात्यांच्या तोंडी अजून औरंगाबादच) एका स्कॅन सेंटरवर एकोणीस वर्षं टेक्निशियन आहे. माणसाला टेबलावर झोपवायचं, डोक्याला कॉइल लावायची, हलू नका म्हणायचं आणि काचेच्या अलीकडे बसून त्याच्या मेंदूचे काप पडद्यावर उमटताना पाहायचे, हे माझं काम. ते वाचायचे रेडिओलॉजिस्टने. पण एकोणीस वर्षं टपाल वाटल्यावर पोस्टमनला पाकिटावरूनही थोडंफार कळायला लागतं.

फिट आली ती तात्यांच्या नातीला. वीस वर्षांची, बुलढाण्याला बी. एस्सी. करते. सुट्टीत घरी आली होती, ओसरीवर आजोबांसोबत मिरच्या निवडत बसली होती. हाताला झटके सुरू झाले, मग अंगभर पसरले, तोंडाला फेस आला. दोन-तीन मिनिटांत थांबलं. तिच्या बापाने गाडी काढून शहर गाठलं. एमआरआय झाला. रिपोर्टात होतं: मेंदूच्या डाव्या बाजूला, पॅरायटल भागात, कॉन्ट्रास्ट दिल्यावर कडीसारखी उजळणारी 11 मिलिमीटरची एकच गाठ, भोवती सूज. खाली दोन शक्यता, टीबीची गाठ किंवा जंताची गाठ. आणि शेवटी ते वाक्य, जे आमच्याकडे दिवसभर टाइप होत असतं: रुग्णाच्या लक्षणांशी ताडून पाहावे.

डॉक्टरांनी फिटचं औषध सुरू केलं. ते योग्यच. सोबत टीबीच्या गोळ्या लिहून दिल्या, वर्ष-दीड वर्ष घ्याव्या लागतील म्हणाले. फिटच्या गोळ्या चालू राहू द्या, पण टीबीच्या सुरू करायच्या आधी एखाद्या न्यूरोलॉजिस्टचं मत घेऊ, एवढंच मी म्हटलं होतं.

“आपल्या घरात टीबी होऊन गेला,” तात्या म्हणाले. “तुही आजी त्यानंच गेली. मंग पोरीले टीबी असन, त टीबीचं औषध. यात दुसऱ्याले काय इचारायचं?”

“तात्या, टीबीच आहे असं रिपोर्टात नाही. दोन नावं आहेत.”

“दोन हायेत त पह्यलं धराव.”

हे ऐकायला अडाणी वाटतं, पण आपल्या देशात शिकलेल्यांनीही कितीतरी वर्षं हेच केलं. तात्यांना मी ती गोष्ट सांगितली. 1980च्या दशकात सीटी स्कॅन आपल्याकडे रुळू लागला आणि फिट आलेल्या तरुण माणसांच्या मेंदूत अशी एकच छोटी उजळ गाठ वारंवार दिसू लागली. देश टीबीचा, त्यामुळे डॉक्टर टीबी धरून चालत आणि महिनोन्महिने गोळ्या देत. गाठ विरघळे, निदान बरोबर ठरे. पुढे काहींच्या लक्षात आलं की नुसतं फिटचं औषध दिलेल्यांचीही गाठ नाहीशी होतेय. मग वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात मॅथ्यू चांडी, वेदांतम राजशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंदाज बाजूला ठेवला आणि सुई घालून गाठीचा तुकडाच काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. बहुतेकांत टीबी नव्हताच. डुकराच्या मांसातून येणाऱ्या पट्टकृमीची अळी मेंदूत येऊन बसली होती, मरत होती, आणि तिच्या भोवती शरीराने सूज आणली होती. 1989 साली हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. ज्यांना टीबी नव्हता अशांनीही तोवर टीबीच्या गोळ्या खाल्ल्या होत्या, आणि त्या गोळ्या काही साखरेच्या नसतात, यकृताला त्रास देऊ शकतात. त्यांतल्या रिफाम्पिसिनमुळे फिटच्या काही औषधांचा जोरही कमी पडतो.

तात्या गळ्यातल्या माळेवर बोट ठेवून बसले होते.

“डुकराचा जंत? या घरात? चार पिढ्या अंडं नाही शिवलं आम्ही.”

“मांस खाणाऱ्याच्या पोटात तो लांबलचक जंत वाढतो. त्याची अंडी शौचावाटे बाहेर पडतात. मग मातीतून, पाण्यातून, न धुतलेल्या कोथिंबिरीतून, कुणाच्या हातातून ती ज्याच्या पोटात जातील त्याच्या मेंदूत अळी. माळ आहे की नाही हे ती पाहत नाही.”

“म्हंजे खाल्लं दुसऱ्यानं, गाठ आमच्या पोरीले.”

“तसंच.”

“मंग जंताचंच औषध चालू करा! दुसरा डॉक्टर कायले?”

इथे मी फसलो होतो. टीबीवर सरसकट शिक्का मारणं चूक, तर जंतावर मारणंही चूकच. राजशेखर आणि चांडी यांनी पुढे खुणा ठरवून दिल्या: गाठ एकच असावी, 20 मिलिमीटरच्या आत असावी, डोक्यातला दाब वाढल्याची लक्षणं नसावीत, दिवसेंदिवस हातापायांतली शक्ती कमी होत नसावी, अंगात दुसरीकडे कुठे टीबी नसावा. हे सगळं जुळलं तर जंताकडे झुकायचं. त्यातल्या फक्त पहिल्या दोन गोष्टी स्कॅन सांगतो. उरलेल्यांसाठी पोरीला समोर बसवून तपासावं लागतं, छातीचा एक्स-रे काढावा लागतो, डोळ्याचा पडदा पाहावा लागतो. म्हणजे दुसरं मत मला दुसऱ्या यंत्राचं नको होतं. मेंदूच्या रोगांत मुरलेल्या माणसाचं हवं होतं.

“मोबाइलवर पाठव ना मंग,” तात्या म्हणाले. “आता त सरकारचंबी मोबाइलवर दवाखाना हाय म्हणे.”

आहे. ई-संजीवनी आहे, 2020च्या मार्चपासून दूरवरून रुग्ण तपासण्याचे रीतसर नियमही आहेत. पण आमच्याकडे मोबाइलवर जे पाठवलं जातं ते सांगितलंच पाहिजे. ट्यूबलाइटसमोर फिल्म धरायची, एकाने धरायची, दुसऱ्याने फोटो काढायचा. फोटोत ट्यूबची पट्टी, पंख्याची सावली आणि धरणाऱ्याचा अंगठा. मेंदू उरलेल्या जागेत. शिवाय फिल्मवर सगळा स्कॅन नसतोच. यंत्र काढतं शेकडो चित्रं. त्यांतली निवडक, टपाल तिकिटाएवढी करून, फिल्मवर छापतात. सगळी चित्रं असतात सीडीत. गाठीच्या कडीत एका बाजूला बारीक ठिपका दिसला तर ते अळीचं डोकं, आणि तो दिसला की बराच वाद मिटतो. तो ठिपका शोधायला सीडीच लागते. लोक फिल्म गादीखाली जपून ठेवतात आणि सीडी पोरं खेळायला घेतात. (आमच्या घरची सीडी सुदैवाने देव्हाऱ्यामागे होती. ती तिथे काकूने ठेवली होती. रिपोर्ट यायच्या आत काकू सैलानीला नारळाचा नवस बोलून मोकळी झाली होती. डोक्याचं काही बिनसलं की आमच्या जिल्ह्यात पहिलं मत सैलानीबाबांच्या दर्ग्यावर घ्यायची रीत आहे, आणि घेणाऱ्यांत सगळ्या जाती-धर्माचे लोक असतात. काकूने नवसही केला आणि गोळीही चुकवली नाही. तिला त्यात विसंगती दिसत नाही. मला दिसायची, आता तेवढी दिसत नाही.)

तात्यांचा विरोध पैशाचा नव्हता. तसा असता तर मी निरुत्तर झालो नसतो. त्यांनी आधी लाजेचा मुद्दा काढला.

“त्या डॉक्टरले काय तोंड दाखवू? रातच्या अकरा वाजता त्यानं पोरीले घेतलं. आता त्याचेच कागद दुसऱ्याले दाखवायचे, म्हंजे तुह्यावर भरोसा नाही असं सांगायचं.”

मी हक्काची भाषा काढली. दुसरं मत घेणं हा रुग्णाचा हक्क आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेली रुग्णहक्कांची सनद केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने 2019 साली सगळ्या राज्यांना पाठवली, त्यात तो लिहिलेला आहे. कागदपत्रं मागितली तर 72 तासांत द्यावीत, हा वैद्यक परिषदेचा नियम तर 2002चा.

“सनद घेऊन गेलो त डॉक्टर कागद देईन. पुन्हा रातच्या अकराले दार उघडन का?”

याला माझ्याकडे नियम नव्हता. एवढंच म्हणालो, की लपवून गेलो तर त्यांना वाईट वाटेल. सांगून गेलो तर चांगला डॉक्टर स्वतःच चिठ्ठी लिहून देतो. असे डॉक्टर मी पाहिले आहेत. तसे न देणारेही पाहिले आहेत, पण ते तात्यांना सांगितलं नाही.

मग त्यांनी गावाचा मुद्दा काढला. शहरांच्या वाऱ्या सुरू झाल्या की बोभाटा होणार. पोरीला पाहुणे पाहायला येणार होते. मी म्हटलं, हिंदू विवाह कायद्यात फिटचा आजार लग्नाला आड येत असे, पण ती अट 1999 साली काढून टाकली.

“कायद्यानं काढली. सोयऱ्यांनी काढली का?”

आणि तरी याच मुद्द्यावर माझं म्हणणं जास्त खरं होतं असं मला वाटतं. दीड वर्ष टीबीच्या गोळ्या खाणारी पोरगी आणि एका जंताच्या गाठीमुळे एकदा फिट आलेली पोरगी, सोयऱ्यांसमोर यांची कहाणी सारखी नसते. पहिलीचं आयुष्य दीड वर्ष थांबतं. दुसरीचा स्कॅन काही महिन्यांनी पुन्हा काढतात, पुष्कळदा गाठ गेलेली असते, आणि फिटच्या गोळ्याही काही काळाने डॉक्टर कमी करू शकतात. गाठीच्या जागी चुन्याचा खडा राहिला तर मात्र जपावं लागतं.

तात्या उठून मोरीवर गेले, चूळ भरून आले. मला वाटलं, पटलं. म्हणून मी उत्साहाने आणखी एक दाखला दिला, आणि तोच माझ्यावर उलटला. अमेरिकेत पाठदुखीच्या एका 63 वर्षांच्या बाईला तीन आठवड्यांत दहा एमआरआय केंद्रांवर पाठवून पाहिलं होतं. 2017 साली त्याचा निबंध छापून आला. दहा रिपोर्टांत मिळून 49 वेगवेगळे दोष निघाले. दहाही रिपोर्टांत आलेला दोष? एकही नाही. “पाहा, म्हणूनच दुसरं मत लागतं,” मी म्हणालो.

तात्या पोटभर हसले. त्या दिवसातलं पहिलं हसू.

“लेका, एका जागी नेली असती त बाईले पाच रोग असते. तू दहा जागी नेली, त एकोणपन्नास झाले! एक ना धड, भाराभर चिंध्या.” आणि मग हसू थांबवून, “अण्णाचं तेच केलं तू.”

अण्णा म्हणजे माझे वडील.

हा विषय निघणार हे मला ठाऊक होतं. ओसरीवर आलो तेव्हापासून तो आमच्यामध्ये बसलेला होता. चौऱ्याहत्तराव्या वर्षी अण्णा विसरू लागले. मी एमआरआय काढला. मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या मोठ्या झालेल्या होत्या. एक डॉक्टर म्हणाले, वयामुळे मेंदू आकसला की पोकळ्या मोठ्या दिसतात, काही करू नका. दुसरे म्हणाले, पाणी साचलंय, नळी टाकून काढू. तिसऱ्यांनी बारीक रक्तवाहिन्यांचा दोष सांगितला. चौथ्यांनी जास्त ताकदीच्या यंत्रावर नवा स्कॅन काढायला लावला. मी सगळं केलं. यंत्राच्या जवळ राहणाऱ्या माणसाला वाटतं, आणखी एक चित्र काढलं की उलगडेल. पुढच्या श्रावणात न्यूमोनिया होऊन अण्णा गेले.

“चार डॉक्टरांनी अण्णाच्या डोक्याचे फोटो पाह्यले,” तात्या म्हणाले. “अण्णाले किती जणांनी पाह्यलं?”

दोघांनी. उरलेल्या दोघांकडे मी एकटाच सीडी घेऊन गेलो होतो. अण्णांना एस.टी.ची दगदग नको म्हणून.

“अन् तू त्याईले सांगतलं काय?”

“विसरतात म्हणून सांगितलं. चालही मंदावलीय म्हणून सांगितलं.”

“उलटं सांगतलं,” तात्या म्हणाले. “अण्णा आधी चालीतून गेला. दिवाळीले मळ्यात जाताना पाय उचलतच नव्हते त्याचे. रोवल्यावानी. बांधावर उभा राह्यला अन् पुढचं पाऊल टाकता येईना, मी हात धरून आणला. विसरनं लय मागून, पोळ्याच्या टायमाले. बैलाचं नाव विसरला तवा आम्ही हसलो.”

मी गप्प बसलो. तात्यांना माहीत नव्हतं की ते काय सांगताहेत. 1965 साली सालोमॉन हकीम आणि रेमंड अॅडम्स यांनी एक आजार लिहून ठेवला, ज्यात मेंदूतल्या पोकळ्यांत पाणी साचतं आणि तीन गोष्टी बिघडतात: चाल, लघवीवरचा ताबा, आठवण. चाल बहुधा आधी, आणि ती अशीच, पाय जमिनीला चिकटल्यासारखी. स्कॅनवर हा आजार आणि म्हातारपणाने सुकलेला मेंदू जवळजवळ सारखे दिसू शकतात. फरक करायला पाठीच्या कण्यातून थोडं पाणी काढतात, 30 ते 50 मिलिलिटर, आणि आधी-नंतर माणसाला चालवून पाहतात. चाल सुधारली तर नळी टाकायला अर्थ असतो. म्हणजे दोन डॉक्टरांत जो वाद होता, तो नव्या स्कॅनने मिटणार नव्हता. मिटला असता तर दिवाळीच्या बांधावरच्या त्या पावलाने. ते पाऊल ज्याने पाहिलं तो धाडला होता, आणि मी त्याला कधी विचारलं नाही. अण्णांचं डोकं घेऊन मी गावोगाव फिरलो, पाय घरीच राहिले. नळी टाकून अण्णा सुधारले असते असं मी म्हणत नाही. पण चौघांपैकी एकालाही मी पूर्ण प्रश्न विचारला नव्हता, आणि अपुऱ्या प्रश्नाला चार उत्तरं मिळाली तर त्यात त्या चौघांचा फारसा दोष नाही.

“मले तवा वाटलं,” तात्या म्हणाले, “पोरगा शिकेल हाय, मशीनवर हाय, त्याले माहीत असन.”

काकूने चहा आणला. कोणी कोणाकडे पाहिलं नाही.

हाच माणूस दुसऱ्या मताच्या विरोधात का आहे हे मला तेव्हा कळलं. त्यांच्या अनुभवात दुसरं मत म्हणजे रोग्याला घरी ठेवून त्याची चित्रं फिरवणं, आणि ती फिरवून फिरवून आपल्या मनाचं समाधान करणं. माझ्या बाबतीत ते खरंही होतं. चौथ्या डॉक्टरकडे मी अण्णांसाठी गेलो नव्हतो; पहिल्या तिघांपैकी कोणाचं ऐकायचं हे ठरवायची मला भीती वाटत होती. असे लोक सेंटरवर मी रोज पाहतो. त्यांच्या पिशवीत सहा जुन्या फिल्म असतात, आणि ‘आधीच्या डॉक्टरांनी काय सांगितलं’ म्हटलं की ते पिशवी पुढे करतात. त्यांतल्या कित्येकांच्या फिल्मवर काही निघतंही, कारण शोधत बसलं की निघतंच. हॉलंडात रॉटरडॅमला 2000 धडधाकट माणसांचे मेंदू स्कॅन करून पाहिले. पंचेचाळिशीच्या पुढची, कसली तक्रार नसलेली माणसं. 2007 साली निष्कर्ष छापले. शंभरात सातजणांच्या मेंदूत पक्षाघाताच्या जुन्या झटक्याच्या खुणा होत्या, आणि त्यांना स्वतःला त्याचा पत्ता नव्हता.

“तात्या, या वेळी सीडी एकटी जाणार नाही,” मी म्हणालो. “पोरगी येईल. आणि तुम्ही याल. फिट तुम्ही पाहिलीय.”

“मी सांगून काय व्हते? मी काय डॉक्टर हाय?”

“तुमच्याशिवाय कोणी पाहिलीच नाही. कुठून सुरू झाली, एवढंच सांगायचं.”

“सांगतलं ना तवाच. हातापासून. डाव्या.”

मी डॉक्टरांचा कागद उलगडला. त्यावर होतं: डाव्या हातापासून झटके. आणि रिपोर्टात गाठ मेंदूच्या डाव्या बाजूला. सकाळपासून मला खटकत होतं ते हे. मेंदूची डावी बाजू उजव्या हाताला चालवते. गाठ डावीकडे आणि फिट डाव्या हातापासून, तर दोन्ही जुळत नाही. म्हणजे एक तर फिट या गाठीची नव्हे, दुसरंच काही शोधायला हवं. नाहीतर या दोन कागदांपैकी एकात चूक आहे. टीबी की जंत, ही पुढची गोष्ट झाली.

तात्या सावध झाले. त्यांनी माझ्या हातातून फिल्म ओढून घेतली आणि अंगणाच्या उजेडाकडे धरली. कडी दिसत होती. एकदा दाखवली की कोणालाही दिसते.

“हे पाह्य. हे त उजवीकडं हाय! रिपोर्टात डावं लिवलं. म्हंजे रिपोर्टच चुकला.” सकाळपासून दुसऱ्या डॉक्टरला विरोध करणारा माणूस आता पहिल्या रिपोर्टावर बोट ठेवत होता. “चाल, उद्याच जाऊ. याईले डावं-उजवं समजत नाही अन् दीड वर्ष गोळ्या खा म्हणते.”

“रिपोर्ट बरोबर आहे, तात्या. फिल्मवर उजवं-डावं उलटं असतं. माणूस आपल्याकडे तोंड करून समोर आहे असं धरून ती पाहायची. आपल्या उजव्या हाताला दिसतं ते त्याचं डावं. जगभर हीच रीत.”

“समोर आहे असं धरून,” दारातून आवाज आला.

पोरगी उंबऱ्यावर उभी होती. केव्हापासून उभी होती कोण जाणे. ती पुढे आली आणि मिरच्यांचं सूप सरकवून, फिट आली त्या दिवशी बसली होती तिथे बसली, आजोबांच्या समोर, मांडी घालून.

“आबा, तुम्ही इथं होते ना? अन् मी इथं.” तिने उजवा हात वर केला. “सांगा, कोणता?”

तात्यांनी स्वतःचा डावा हात उचलला, आरशात पाहिल्यासारखा, तिच्या हातासमोर. बघत राहिले.

“आधी अंगठ्याला मुंग्या आल्या,” ती म्हणाली. “मिरचीनं आग होतेय असं वाटलं. मग अंगठा आपोआप हलायला लागला. मग पंजा. तिथपर्यंत मला सगळं आठवतं. दवाखान्यात बाबा बोलले, तुम्ही फोनवर बोलले, काका सकाळपासून बोलून राह्यले. मला कोणी विचारलं नाही.”

मी खिशातून पेन काढून कोऱ्या कागदावर लिहायला लागलो. अंगठा, मुंग्या, मग हालचाल, मग पंजा, असा क्रम.

“द्या इकडं,” ती म्हणाली, आणि पेन घेऊन स्वतःच लिहायला बसली.

तात्यांनी फिल्म पाकिटात घातली. मग काकूला हाक मारून सांगितलं, देव्हाऱ्यामागची ती तबकडी काढ, सकाळच्या पहिल्या गाडीनं जायचंय, अन् तीन माणसांची भाकर बांध.